टाकीतला धूर

किनुथिया ड्रायव्हरने थंड टाकीचं झाकण उचललं, आत वाकून लांब श्वास घेतला आणि झाकण हातात धरून तसाच उभा राहिला. बायकांची कुजबुज थांबली. टँकरची जाड नळी खांद्यावर टाकून एल्काना तयारच होता; त्याने ती हळूच खाली ठेवली. कापचेनोच्या दूध केंद्रात दूध मोजणारा, तपासणारा, टाकी धुणारा सगळं एल्कानाच. केंद्र आल्यापासून त्याच्या अंगावर पांढरा डगला आला होता आणि डगल्याबरोबर थोडी ऐटही.

"काय झालं, साहेब?" दूध मंडळाच्या अध्यक्ष सेलिनाबाई पुढे झाल्या.

"धुराचा वास येतोय."

एल्कानाने टाकीत डोकं घालून वास घेतला. "कुठंय धूर? झ्याक दुधाचा वास येतोय मला."

"तुझं नाक डेअरीत न्यायचं नाहीये मला," किनुथिया म्हणाला. तो नैरोबीकडचा, इथल्या डोंगरातला नव्हता. "सोमवारी आंबलेलं, आज धुरकट. बाई, लागोपाठ तिसऱ्यांदा परत गेलं तर डेअरी टाकी उचलणार आणि दुसऱ्या गावाला देणार. मी सांगत नाही, तुमच्या करारात आहे. शुक्रवारी येतो."

टँकर रिकामाच वळला. एल्कानाने टाकीखालचा नळ सोडला आणि दोन सकाळींचं दूध खळाळत चरात गेलं. गावातली कुत्री आधी बिचकली, मग तुटून पडली. बायका बघत राहिल्या. टाकी येण्याआधीचे दिवस कुणीच विसरलं नव्हतं. तेव्हा मोटारसायकलवाले दलाल यायचे. पावसाळ्यात दूध मुबलक झालं की यायचेच नाहीत, आणि कोरड्या दिवसांत आले तर म्हणतील तो भाव. टाकी आल्यापासून पाऊस असो की ऊन, भाव एक. गाईला डॉक्टर येई, हत्तीगवताचं बेणं मिळे. त्या स्टीलच्या पिंपाभोवती सगळ्या डोंगराचा संसार फिरू लागला होता, आणि तेच पिंप आता उचलून नेणार म्हणत होते.

"धूर आला कुठनं?" सेलिनाबाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "कोण चुलीपाशी धार काढतं?"

सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं, पण बोलायचं कुणी? चेरोनो बोलली. ती काही वाईट बाई नव्हती. घाबरलेली होती, एवढंच. "रोदाची गाय चुलीला लागून बांधलेली असती," ती म्हणाली.

रोदा मागे उभी होती. नवरा गेलेली, एक खोली, एक गाय. गोठा बांधायला जागा नाही म्हणून गाय घराच्या आडोशाला, आणि घर म्हणजे चूलच. एल्काना तिच्याजवळ गेला आणि सगळ्यांदेखत तिच्या अंगावरच्या शालीचा पदर उचलून त्याने नाकाला लावला.

"येतोय," तो म्हणाला. "धूर हाय हिला."

"कुणाच्या शालीला न्हाई?" रोदाने पदर ओढून घेतला. "तुझ्या आईच्या शालीला न्हाई?"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. सेलिनाबाईंनी रोदाचा कॅन उचलून तिच्या हातात दिला. "पाऊस पडंस्तोवर आणू नगंस, रोदा. टाकी ऱ्हायली तर पुढं बघू." रोदाने वाद घातला नाही. जाताना तिने चेरोनोकडे एकदा पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर बरं झालं असतं.

*

चेरोनोचं घर झऱ्याच्या वर होतं. वरच्या आळीच्या बायका सकाळी दूध घालून परतताना झऱ्यावर कॅन धूत आणि चेरोनोच्या अंगणातल्या बांबूच्या मांडवावर पालथे घालून जात. दिवसभर कॅन उन्हात तापत. संध्याकाळी पाण्याला आल्या की आपापला घेऊन जात. मांडवाशी चेरोनोची सासू बसलेली असे. तिला सगळी आळी कोगो म्हणे, म्हणजे आजी. गुडघे गेले होते पण जीभ शाबूत होती. कोंबडी मांडवावर चढली की काठी फेकून मारायची आणि नेम चुकायचा नाही.

बुधवारी दुपारी सुनेने सगळा प्रकार सांगितला तेव्हा कोगो म्हणाली, "सोमवारी आंबलं तवा त्यो डायवर काय म्हणला व्हता?"

"कुणाचा तरी कॅन नीट धुतलेला न्हाई म्हणला."

"माझ्या दारात वाळत्यात कॅन. म्हणजे त्यो मलाच बोलला."

"तुम्हाला कोण बोलतंय, कोगो? आज तर धुराची भानगड हाय. रोदाच्या चुलीची."

"चुलीचा धूर लई घाण," कोगो म्हणाली आणि कोंबडीकडे वळली.

गुरुवारी सकाळी चेरोनोने धार काढली, केंद्रावर नेली, टाकीत ओतली. एल्काना प्रत्येक कॅनमध्ये नाक घालत होता. सगळे पास. रोदाच्या वाटेवर एक मोटारसायकल उभी दिसली. दलालाने तिचं दूध आपल्या मळक्या पिंपात ओतलं आणि हसत काहीतरी म्हणाला. रोदाने मान वर केली नाही. चेरोनोने पाऊल उचललं.

दुपारी ती ओढ्याकाठी हत्तीगवत कापायला गेली. पावसाने ओढ दिल्यापासून पात्यांना नुसती धार आली होती, रस नव्हता. कापताना डोक्यात सारखी शालच येत होती, एल्कानाच्या नाकाला लावलेली. विळा निसटला आणि डाव्या हाताच्या तळव्यात गेला. रक्त भळभळ वाहायला लागलं. तिने डोक्याचा रुमाल सोडून हात घट्ट बांधला, भारा तिथेच टाकला आणि घरी वळली. एरवी ती सूर्य कलल्यावर यायची. आज उन्हं डोक्यावर होती.

अंगणात कोगो फतकल मारून बसली होती. समोर आळीचे सगळे कॅन रांगेत मांडलेले. बाजूला निखारे. हातात सेनेत्वेत झाडाची जाड फांदी, टोकाला लाल फुललेली. ते कोलीत ती एका कॅनच्या पोटात घालून बुडाशी गोल गोल घासत होती, दूध ठेवायच्या वाळल्या भोपळ्याला धुरी देताना घासतात तसं. कॅनच्या तोंडातून निळसर धूर निघत होता. घासून झाल्यावर तिने कापडाने आतून पुसलं, कापड काळं झालं, आणि कॅन पालथा घातला. वरून चकचकीत. ओळखू येऊ नये इतका.

"कोगो," चेरोनोचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "काय करताय?"

"दिसत न्हाई? भांडी धुते."

"धुतलेली हायत ती."

"पाण्यानं. पाण्यानं पाय धुत्यात." कोगोने पुढचा कॅन ओढला. "हात कशानं कापलास?"

"कधीपासनं करताय हे?"

"सोमवारी आंबलं तवापासनं. धुरी न्हाई दिली तर दूध आंबणारच की. तुम्ही पोरी घाईच्या. चकचकीत दिसलं म्हणजे झालं. बिनधुरीचं दूध पाहुण्यापुढं ठेवलं तर पाहुणा परत दारात येत न्हाई, आन् तुम्ही ते अख्ख्या मुलखाला पाजता! म्हणलं, आपुन द्यावी धुरी. कुणाला सांगायचं कशाला? टाकीची अब्रू ऱ्हायली म्हणजे झालं."

"मंगळवारीबी दिली?"

"रोज. काल तर दोनदा."

"रोदाचा कॅन?"

"तिचा पहिला," कोगो समाधानाने म्हणाली. "एकटी बाई, लाकूड आणायला तिला कुठं फुरसत? तिच्या कॅनला मी जास्त घासायची."

चेरोनो मांडवाचा बांबू धरून खाली बसली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि फाशीचा दोर वळून दिला होता तिनेच, सगळ्या गावासमोर.

"कोगो, त्यो धूर ह्योच हाय. डायवर म्हणला त्यो."

"ह्यो धूर न्हाई, ही धुरी."

"त्याला फरक कळत न्हाई!"

"मग त्याच्या आईनं त्याला दूध पाजलंच न्हाई," कोगो म्हणाली. पण कोलीत धरलेला हात थांबला. सुनेच्या चेहऱ्याकडे बघता बघता म्हातारीचा चेहरा हळूहळू बदलला. तिने कोलीत मातीत खुपसलं. ते चरचरलं. "सगळ्या गावाला वास आला न्हाई, आन् त्याला एकट्याला आला?"

तेच तर होतं. कापचेनोत जन्मलेल्या माणसाला हा वास येणार कसा? दात नव्हते तेव्हापासून तो दुधाबरोबर पोटात गेलेला. एल्कानाने कॅनमध्ये नाक घातलं की त्याला स्वच्छ दुधाचा वास येई, कारण स्वच्छ दूध म्हणजे त्याच्या लेखी हेच. चेरोनोने एक कॅन उचलला, आत तोंड घालून हुंगलं. काही नाही. आईच्या घरासारखं वाटलं, बस. तिला स्वतःच्या नाकाची भीती वाटली.

ती उठली. कापलेला हात बाजूला ठेवून उजव्या हाताने तिने कॅन झऱ्यावर ओढले. वाळू, साबण, उकळतं पाणी. एकेक कॅन घासला, पुन्हा घासला. फडक्याला काळं लागायचं थांबलं तरी घासत राहिली. साबणाचं पाणी जखमेत जायचं आणि खांद्यापर्यंत कळ जायची. वास गेला की राहिला हे सांगणारं कुणी नव्हतं. संध्याकाळी बायका आल्या, कॅन उचलून निघाल्या. एकजण म्हणाली, "अगं बया, कसले लखलखतायत!" चेरोनो हसली. हसू ओठांवर चिकटवल्यासारखं राहिलं.

आणि घासून तरी काय होणार होतं? आज सकाळचं दूध टाकीत पडलं होतं. सगळ्या आळीचं. कालच्या दुहेरी धुरीचं.

जेवायला मक्याच्या पिठाची उगाली आणि पाला होता. नवऱ्याने, किमाइयोने, सगळं ऐकून घेतलं. एक घास मळून हातातच धरून ठेवला.

"कुणाकुणाला ठाव हाय?"

"आपल्यालाच."

"मग आपल्यातच ऱ्हाऊ दे. खालच्या आळीचं दूध बी हाय की टाकीत, त्याला धुरी न्हाई. मिसळून जाईल. त्यो डायवर काय देव लागून गेला?"

"न्हाई मिसळलं तर? टाकी जाईल."

"मिसळलं तर ऱ्हाईल. तू बोललीस तर आपलं दूध बंद, आईची गावभर शोभा. आपलेच दात, आपलेच ओठ. जरा इचार कर."

चेरोनोने विचार केला. वास आला तर टाकी जाणार. वास नाही आला तर सगळे म्हणणार, बघा, रोदाला काढलं आणि दूध सुधारलं. टाकी राहील आणि रोदा कायमची घाणेरडी ठरेल. नवऱ्याच्या बोलण्यात रोदा कुठे नव्हतीच. कोपऱ्यात कोगो तोंड फिरवून बसली होती. तिच्यापुढे ताट तसंच होतं.

*

शुक्रवारी सकाळी चेरोनोने धार काढली ती एका हाताने. गाय अस्वस्थ झाली, पान्हा चोरला, एक लाथ बादलीला बसली. जेवढं निघालं तेवढं कॅनमध्ये न ओतता तिने घरातच ठेवलं आणि रिकामी केंद्राकडे निघाली. मागून काठीचा आवाज आला. कोगो उतारावरून एकेक पाऊल टाकत येत होती. कित्येक दिवसांत ती अंगणाबाहेर पडली नव्हती.

"तुम्ही कशाला आलात? मी सांगते."

"तू काय सांगशील? कोलीत तुझ्या हातात व्हतं का?"

केंद्रावर रांग लागली होती. टँकर यायचा होता. पहिली बाई कॅन टाकीवर रिता करणार तोच चेरोनो ओरडली, "ओतू नका! थांबा!"

सगळ्यांच्या माना वळल्या. एल्काना डगल्याची बटणं लावत बाहेर आला. चेरोनोने पाठ करून आणलेलं सगळं विसरलं. "धूर आमच्या घरातला हाय," ती म्हणाली. "रोदाचा न्हाई. टाकीत कालचं दूध हाय त्यातबी हाय. आज टँकरला देऊ नका."

एकच गिल्ला झाला. कोण काय बोलतंय कळेना. "म्हणजे आमच्या कॅनला तुम्ही—" "आन् न सांगता?" "काल संध्याकाळी दात काढत कॅन दिलास की गं मला!" शेवटचं ते लागलं, कारण खरं होतं.

कोगो पुढे आली. काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. "तिला बोलू नका. मी दिली धुरी. दूध आंबलं म्हणून दिली. माझी चूक झाली," आणि मग तिला राहवलं नाही, "पण तुमच्यातल्या एकीलाबी वास आला न्हाई, ते कसं गं?"

गर्दी जरा चपापली. एकीने आपला कॅन हुंगला. मग दुसरीने. एल्कानाने हुंगला नाही; तो आपल्या बुटांकडे बघत होता. बुधवारी त्याने नाकाला लावलेली शाल सगळ्यांना एकदमच आठवली असावी, कारण सगळ्या एकदम त्याच्याकडे बघायला लागल्या.

वळणावर टँकर दिसला. सेलिनाबाईंना ठरवायला तेवढाच वेळ होता. "आपलं आपुन टाकू," त्या म्हणाल्या. "त्यानं झाकण उघडून नाक मुरडलं तर तिसरी खेप लागंल. त्यानं उघडायचंच न्हाई."

किनुथिया उतरला. टाकीकडे चालला. सेलिनाबाई झाकणावर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आज दूध न्हाई, साहेब."

"नाही कसं? काटा तर टाकी भरलेली दाखवतोय."

"हाय, पण तुम्हाला द्यायच्या लायकीचं न्हाई. आमच्या हातून बिघडलं. आम्हीच टाकतोय. धूर कुठला ते सापडलंय."

तो सगळ्या बायकांकडे बघत राहिला, मग म्हाताऱ्या कोगोकडे. त्याने नाकाने एक बारीक श्वास घेतला. एवढा मोठा माणूस, लांबून रिकामा आलेला. तिसरी खेप लावायला त्याला काय लागणार होतं?

"मी झाकण उघडलं नाही," किनुथिया सावकाश म्हणाला. "न उघडलेलं दूध मी परत पाठवलं असं कसं म्हणू? पण रविवारी मी उघडणार, बाई. आणि रविवारी मी कुणाचं ऐकणार नाही."

टँकर गेला. नळ सुटला. या खेपेला कुत्री वाटच बघत होती. दूध वाहून जात असताना सेलिनाबाई म्हणाल्या, "चेरोनो, रोदाला जो न्याय तोच तुला. पाऊस पडंस्तोवर तुमच्या घरचं दूध न्हाई."

"व्हय," चेरोनो म्हणाली. किमाइयो काय म्हणेल ते तिला ठाऊक होतं.

"आन् रोदाला कोण बोलवायला जाणार?"

सगळ्यांच्या नजरा चेरोनोकडे वळल्या. बोलायची गरजच नव्हती.

*

रोदा घराबाहेर गाईच्या पायातलं शेण ओढत होती. चेरोनो आणि कोगोला येताना पाहून तिने फावडं भिंतीला टेकवलं. बातमी त्यांच्याआधी पोचलेली होती. डोंगरात बातमीला पाय नसतात, पंख असतात. तिने कोगोला बसायला तिवई आणून दिली. चेरोनोला काही दिलं नाही.

"मी तुझं नाव घेतलं," चेरोनो उभ्या उभ्याच म्हणाली. "माझ्या घरात धूर आन् मी तुझं नाव घेतलं. मला माफ कर म्हणायला बी तोंड न्हाई मला."

"तोंड व्हतं की तवा," रोदा म्हणाली. "लई मोठं व्हतं."

ती आत गेली. बराच वेळ आली नाही. चेरोनोला वाटलं, दार लावून घेणार आता. पण ती आली, दोन प्लास्टिकचे पेले घेऊन. एक कोगोच्या हातात दिला, एक चेरोनोच्या. दूध पांढरंशुभ्र होतं. राखाडी छटा नाही, काळा कण नाही.

"धुरी न्हाई त्याला," रोदा कोगोकडे बघत म्हणाली. "धूर घाण असतो म्हणत्यात ना."

चेरोनोचे कान तापले. बिनधुरीचं दूध पाहुण्याला. सासूच्या जन्मात तिला असं कुणी दिलं नसेल. आता म्हातारी पेला खाली ठेवेल, काठी उचलेल आणि उठेल, असं तिला वाटलं. आणि उठली असती तरी कुणी दोष दिला नसता. कोगोने दोन्ही हातांनी पेला धरला, ओठांना लावला आणि न थांबता, तळापर्यंत प्यायली. मग रिकामा पेला पालथा करून रोदाला दाखवला, लहान मूल दाखवतं तसा.

"प्यायले," ती म्हणाली. "आता तुझा कॅन काढ. उद्या दूध घाल टाकीत. झऱ्यावर धू आन् वाळायला माझ्याच दारात ठेव. मी हात लावणार न्हाई."

रोदा तिच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते, पण तिने ते पुसले नाहीत. चेरोनोनेही आपला पेला संपवला. चव काहीच नव्हती. गवताची, पाण्याची असेल ती. रोदाने दोन्ही पेले घेतले. पुन्हा या असं ती म्हणाली नाही.

शनिवारी बायका दूध घालून परतल्या, झऱ्यावर कॅन धुतले आणि मांडवावर पालथे घातले. एकेकीने जाताना कोगोकडे बघितलं. सगळ्यात शेवटी रोदा आली. तिने आपला कॅन ठेवला, थोडं थांबली आणि निघून गेली. चेरोनोचा कॅन त्या रांगेत नव्हता.

ऊन वाढलं. कॅन चमकायला लागले. चेरोनो सुकलेल्या भाऱ्याच्या दोऱ्या सोडत होती, तिने सहज मागे वळून पाहिलं. कोंबडी मांडवावर चढली होती आणि काठी कोगोच्या शेजारीच पडलेली होती. कोगोने ती उचलली नाही. ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, त्यांच्यावर बसून, कॅनांकडे बघत होती.